धावपट्टीवरच्या भोरड्या

मी विमानतळावर पाखरं हाकायचं काम केलं. नोकरीची सगळी वर्षं तेच केलं. आधी ठेकेदाराचा माणूस म्हणून, नंतर त्याच ठेकेदाराच्या माणसांवरचा मुकादम म्हणून. लोकांना वाटायचं, विमानतळावर कामाला आहे म्हणजे विमानातून जात-येत असेल. मुलीच्या सोयरिकीच्या वेळी पाहुण्यांनी विचारलं, "आपण तिथं काय बघता?" मी म्हणालो, "पक्षी बघतो." ते खूश झाले. त्यांना वाटलं, मी छंद सांगतोय.

पक्षी बघणं हे आमचं अर्धंच काम. बघायचं आणि लगेच घालवायचं. विमान उतरताना किंवा उडताना एखादं पाखरू इंजिनात ओढलं गेलं तर आतली पाती वाकतात. अख्खा थवा गेला तर काय होईल ते बोलायलाही नको. म्हणून प्रत्येक विमानाच्या आधी धावपट्टीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जीपनं जायचं. घारी, कबुतरं, टिटव्या, बगळे, जे असेल ते उठवायचं. हाताशी फटाके, भोंगा, आणि ठरावीक वेळानं आपोआप ढुम्म करणारी गॅसची बंदूक. गवताचंही गणित असतं. फार वाढू दिलं की उंदीर होतात, उंदरांमागं घारी येतात. फार छाटलं की किडे उघडे पडतात, मग टिटव्या आणि बगळ्यांची जत्रा. गवत बेतानं ठेवायचं, आणि एकच आवाज एकाच जागी रोज करायचा नाही, कारण पाखरं शहाणी असतात. चार दिवसांत त्यांना कळतं की हा नुसताच ओरडतो.

आणि सगळ्यात मोठा नियम असा, की पाखराला हाकण्याआधी ते कुठं जाईल हे ठरवायचं. वारा बघायचा, मावळतीचं ऊन बघायचं आणि पाखरू व धावपट्टी यांच्या मध्ये आपण उभं राहायचं. बाहेरून हाकलंत तर ते नेमकं विमानाच्या वाटेवर येणार.

हे मला शिकवलं शफीकभाईनं. तो माझा जोडीदार. त्याचे वडील लग्नात आतषबाजी करायचे, त्यामुळं दारूकामाला त्याचा हात लहानपणापासून बसलेला. पहिल्या दिवशी मी दिसेल त्या बगळ्यामागं धावत सुटलो, तेव्हा त्यानं मला शर्टाला धरून थांबवलं. "अरे भई, कायकू दौडरा? उसकू उडाने का नै, भेजने का है."

वर्षातली खरी परीक्षा माघ-फाल्गुनात. हिवाळाभर आपल्याकडं राहिलेली पाखरं तेव्हा परतीला लागतात. कुणी हिमालयापलीकडं जाणार, कुणी त्याहूनही लांब. जायच्या आधी ती एकत्र जमतात, भरपूर खातात. आमच्या माळावर भोवत्या नावाचे शिकारी पक्षी यायचे. पंख वर धरून गवतावरून इतक्या खालून तरंगत जायचे की हात लावावा वाटे. धोबी यायचे, चंडोल यायचे. पण थवे म्हणावेत ते भोरड्यांचे. साळुंकीएवढं पाखरू, डोकं नि पंख काळे, अंग गुलाबी. जायची वेळ जवळ आली की ते गुलाबी आणखी उजळतं. सकाळी पळसा-सावरीवर कलकलाट, दिवसभर रानात, आणि दिवस मावळताना झोपायच्या झाडांवर उतरण्याआधी हजारोंनी आभाळात फिरणं. आमच्या भिंतीबाहेर वेड्या बाभळींचं एक बन होतं. त्यांची झोपायची जागा तीच, आणि संध्याकाळच्या विमानाची वेळही तीच.

शहरातले एक गृहस्थ दरवर्षी फाल्गुनात आमच्या गेटवर यायचे. बँकेतून निवृत्त झालेले, गळ्यात दुर्बीण. आत सोडता येत नसे, मग भिंतीबाहेरूनच माझ्याशी बोलायचे.

"आत काय काय दिसतं हो?"

"दिसतं ते आम्ही दिसू देत नाही साहेब."

ते हसायचे. एका वर्षी हसले नाहीत. म्हणाले, "आमच्या लहानपणी शहराभोवती सगळीकडं असा गवताळ माळ होता. आता कंपन्या झाल्या, प्लॉट पडले. एवढा एक तुकडा भिंतीआड उरला, म्हणून ती बिचारी इथं येतात. आणि इथं तुम्ही फटाके फोडता." विमानात माणसं असतात, एवढंच म्हणालो. ते म्हणाले, "हो, तेही खरंच आहे." पुढच्या वर्षी ते आले नाहीत. का, ते कळायला मार्ग नव्हता.

पण मला सांगायचं आहे ते माझ्या वडिलांचं. आम्ही त्यांना आबा म्हणायचो.

आमचं गाव दौलताबादच्या पुढं. शेती कोरडवाहू, पीक रब्बी ज्वारीचं. ज्वारी हुरड्यात आली की भोरड्या उतरायच्या आणि आबा पहाटेच माळ्यावर चढायचे. माळा म्हणजे पिकाच्या मधोमध चार बल्ल्यांवर बांधलेली बसायची जागा. हातात गोफण, शेजारी गोट्यांचा ढीग. "हाऽऽ हो! हाऽऽ हो!" ही त्यांची हाळी शिवारात सगळ्यांना ओळखू यायची. आबांचा गोटा पाखराला कधी लागायचा नाही, ते लागू द्यायचे नाहीत. थव्याच्या पुढं, अगदी नाकासमोरून गोटा सणसणत जायचा आणि अख्खा थवा एका अंगावर वळायचा.

आई गेल्यावर आबांना आम्ही औरंगाबादेत मुकुंदवाडीला आमच्याकडं आणलं. शेत बटईनं दिलं. पहिली दोन वर्षं बरी गेली. मग ते विसरायला लागले. आधी चष्मा, मग घराची गल्ली, मग माझ्या बायकोचं, मंदाचं नाव. डॉक्टर म्हणाले, हा विसरण्याचाच आजार आहे, हळूहळू वाढणार. गोळ्या देतो, पण फार आशा धरू नका.

सगळं विसरले, पण भोरड्या विसरले नाहीत. माघात वरून थवा चिरचिरत गेला की जेवत्या ताटावरून उठायचे. गच्चीवर जायचे, टाळ्या वाजवायचे, हाळी द्यायचे. गल्लीतली माणसं सुरुवातीला हसली, नंतर त्यांनाही सवय झाली. एक दिवस मंदानं दोरीवरचा परकर काढला तर नाडी गायब. आबांनी तिची गोफण वळली होती. इतकी सुबक, की मंदाला रागावता येईना. "असू द्या," ती म्हणाली, "हातांना काम हाय तेवढं डोकं शांत राहतं."

त्या वर्षी होळी जवळ आली होती. संध्याकाळच्या विमानाआधी मी आणि शफीकभाई जीप घेऊन धावपट्टीच्या पूर्व टोकाला उभे होतो. थवा बाभळीच्या बनाकडं चालला होता. रोजच्यासारखंच. दहा मिनिटांत तो झाडांत उतरेल, पट्टी मोकळी होईल, असा आमचा अंदाज होता. पण थवा बनावर गेला आणि उसळून परत आमच्याकडं आला. आम्ही आतून फटाका सोडला, तो वळला. भिंतीपलीकडं गेला, आणि पुन्हा उसळून आत. तीनदा, चारदा. आभाळात तेवढा एकच काळा-गुलाबी पडदा इकडून तिकडं फेकल्यासारखा.

शफीकभाई म्हणाला, "उधर से कोई हकालरा."

तेवढ्यात जीपच्या टपावर टण्णकन गोटा आदळला. आणि वारा पडला तशी हाळी ऐकू आली. "हाऽऽ हो! हाऽऽ हो!"

मी ती कुठंही ओळखली असती.

विमान उतरायला आलं होतं. त्याचे दिवे दिसत होते. मी टॉवरला कळवलं, पट्टीवर थवा आहे, उतरवू नका. हे शब्द मी इतक्या वर्षांत फार क्वचित उच्चारले असतील. विमान नाक उचलून प्रचंड आवाज करत आमच्या डोक्यावरून निघून गेलं. भोरड्या त्या आवाजानं आणखी बिथरल्या.

मी जीपच्या टपावर चढलो. भिंतीवरच्या काटेरी तारांपलीकडं मोकळ्या प्लॉटात आबा उभे होते. धोतर, बंडी, पायात काही नाही. एवढं अंतर ते कसे चालून आले कोण जाणे. हातात परकराच्या नाडीची गोफण गरगर फिरत होती. त्या प्लॉटात ज्वारी सोडाच, धड गवतही नव्हतं. बांधकामाच्या विटा पडल्या होत्या.

"आबा!" मी ओरडलो. "आबा, थांबा! मी आहे!"

त्यांनी माझ्याकडं बघितलं. हातातला फटाका बघितला. आणि इतके संतापले, की लहानपणीही मी त्यांना तसं पाहिलं नव्हतं.

"ए! तुझी पाखरं माझ्या रानात कशाला घालतो रे?"

"आबा, मी..."

"दुसऱ्याच्या पिकात पाखरं घालू नाय, तुझ्या बापानं शिकवलं नाय का तुला?"

खाली शफीकभाई उभा होता. त्याला सगळं कळलं होतं. त्यानं माझ्या पोटरीला हात लावला. हळूच म्हणाला, "हम बंद करेंगे तो वो भी बंद करेंगे. माफी माँग लो भई."

मी फटाका खाली टाकला. दोन्ही हात जोडले आणि जेवढं मोठ्यानं सांगता येईल तेवढं सांगितलं, "चुकलं मालक! मी थांबतो. तुमीबी थांबा!"

आबांची गोफण सावकाश थांबली. त्यांनी मला एकदा नीट न्याहाळलं. मग शांतपणे म्हणाले, "व्हय. असं समजुतीनं घ्यावं. म्हंजे दोगांचंबी पीक राहतंय."

दोन्हीकडून आवाज बंद झाले. थवा दोन गिरक्या घेऊन बाभळीत उतरला. एकदम झाडंच बोलायला लागल्यासारखा कलकलाट, आणि मग शांतता. विमान चक्कर मारून आलं आणि सुखरूप उतरलं. पायऱ्यांवरून माणसं बॅगा घेऊन उतरली, मोबाइल कानाला लावून चालू लागली. मी टपावरच बसून होतो.

आबांना बंदोबस्तावरच्या जवानांनी आणलं. विमानतळात दगड येणं ही साधी गोष्ट नाही. साहेबांनी मला बोलावलं, जबाब लिहून घेतला. आबा कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसले होते. एका जवानानं त्यांना चहा दिला होता, तो बशीत ओतून पीत होते. साहेब सज्जन माणूस. जबाबावर माझी सही घेतली आणि म्हणाले, "माझेही वडील घरी आहेत. पण पुन्हा असं झालं तर माझ्या हातात राहणार नाही. या दिवसांत त्यांना इथून लांब ठेवा."

लांब म्हणजे कुठं? घराला कुलूप लावून मंदा किती दिवस बसणार? माझी बहीण शोभा खुलताबादजवळ दिलेली आहे. तिच्या घराला अंगण, मागं पेरूची बाग. ती म्हणाली, "फाल्गुन-चैत माझ्याकडं राहू दे. इथं खुशाल ओरडू दे त्यांना." तेव्हापासून माघ संपला की आबांना तिकडं सोडून यायचो आणि वैशाखात आणायचो. पाखरं जातात आणि आबा माझ्याकडं येतात, असं शोभा चेष्टेनं म्हणायची.

त्या दोन महिन्यांत मला सुट्टी नसायची. मागितली तर मिळालीही असती कदाचित, पण माझ्या जागी उभं राहायला माणूस नव्हता. नवी पोरं यायची, उन्हात आठवडाभर टिकायची आणि कंपनीत लागायची. एकदा कसाबसा रविवारचा अर्धा दिवस काढून गेलो. आबा अंगणात खाटेवर बसले होते. मला बघून सरकले, जागा करून दिली.

"या पाव्हणं. कुठले म्हणायचे?"

शोभा दारात उभी होती. तिनं डोळ्यांनीच मला खुणावलं, सांगत बसू नको.

"औरंगाबादचा," मी म्हणालो.

"अस्सं? माझा पोरगा बी तिथंच हाय. विमानात हाय कामाला."

"व्हय का?"

"लई मोठं काम हाय त्याचं. येत नाय तो. लोक म्हणत्यात पोरगा बघत नाय बापाला. पण तसं नाय पाव्हणं. त्याला या दिवसात सुट्टीच नसती." मग माझ्या गुडघ्यावर थोपटून म्हणाले, "तुमचं बरंय. तुमी तरी आलात."

मी तासभर बसलो. शोभानं पेरू कापून आणले. आबांनी त्यातल्या चांगल्या फोडी माझ्यापुढं सारल्या, पाहुणा म्हणून. निघताना मी पाया पडलो, तर अवघडून म्हणाले, "आसू द्या, आसू द्या." बसमध्ये बसल्यावर मला वाटलं, कुणीतरी माझी बाजू घेऊन भांडलं होतं, आणि ते माझ्याच समोर.

त्याच्या पुढच्या वर्षी भोरड्या उशिरापर्यंत राहिल्या. चैत्र लागला तरी थवे कमी होईनात. एके सकाळी शोभाचा फोन आला. "दादा, आबा दोन दिवस जेवले नायत. दवाखान्यात दाखवलं. डॉक्टर म्हणतात वय झालंय. येऊन जा."

त्या आठवड्यात हाताखाली उरलेला एकच पोरगा तापानं पडला होता. शफीकभाई एकटा, आणि दोन विमानं. मी तिला म्हणालो, "तेवढी पाखरं जाऊ दे, लगेच येतो." ती बरं म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. तिसऱ्या दिवशी पहाटे तिचाच फोन आला, आणि मी उचलण्याआधीच मला कळलं.

आबा झोपेतच गेले. शोभा सांगत होती, आदल्या दिवशी संध्याकाळी अंगणावरून थवा गेला, तर त्यांनी मान वर करूनही बघितलं नाही. तेव्हाच ती समजली होती. मी तिला म्हणालो, मी यायला हवं होतं. ती म्हणाली, "आला असतास तरी पाव्हणा म्हणूनच आला असतास, दादा." ती टोचून बोलली नाही. मला बरं वाटावं म्हणून बोलली. अजूनही ते वाक्य आठवलं की बरं वाटतं की वाईट, मला सांगता येत नाही.

अंत्यविधी गावाला, आमच्या शेताच्या बांधावर केला. भाऊबंद जमले होते. कुणीतरी म्हणालं, आता असं पाखरं राखणारं माणूस शिवारात नाही. आता ज्वारी करतंच कोण, दुसरा म्हणाला, सगळी मका नि कापूस. ते खरं होतं. मी सगळं करत गेलो, जे सांगतील ते. रडू आलं नाही. मंदा घाबरली, म्हणाली, रडून घ्या जरा. पण माझ्या डोक्यात एकच चाललं होतं. संध्याकाळचं विमान, बाभळीचं बन, शफीकभाई एकटा जीपमध्ये.

तेरावा झाला आणि दुसऱ्या दिवशी मी कामावर गेलो. अंधार होता. शफीकभाई गेटपाशी थांबला होता. मला पाहून गळ्यात हात टाकून तसाच उभा राहिला. मग जीपमध्ये बसलो. फटाके मांडीवर घेतले. पश्चिम टोकापासून सुरुवात केली.

उजाडत आलं. बाभळीचं बन समोर होतं. मी कान देऊन ऐकू लागलो. रोज या वेळेला ते बन इतकं बोलायचं की जीपचं इंजिन ऐकू येत नसे.

काहीच नव्हतं.

"गये भई," शफीकभाई म्हणाला. "तीन दिन हो गए. रात में निकल गए पूरे. एक पर भी नै रहा."

तो गाडी सावकाश चालवत राहिला. गवतावरून एकही भोवत्या तरंगत नव्हता. तारांवर धोबी नव्हते. एवढा मोठा माळ, एवढी लांब पट्टी, आणि हाकायला काही नाही. मी इतकी वर्षं ज्यासाठी धावलो ते हेच होतं, मोकळी पट्टी. त्या सकाळी ती पूर्ण मोकळी होती. माझ्या हातातला फटाका खाली पडला आणि मला रडू फुटलं. अंत्यविधीला आलं नव्हतं, सुतकात आलं नव्हतं, ते सगळं तिथं आलं. शफीकभाईनं गाडी कडेला घेतली.

टॉवरवरून विचारणा झाली. सकाळचं विमान निघालं आहे, पक्ष्यांची स्थिती कळवा. वॉकीटॉकी माझ्या हातात होती. मी बटण दाबलं, आणि तसंच सोडून दिलं. वरून पुन्हा विचारलं, पक्ष्यांची स्थिती काय?

शफीकभाईनं माझ्या हातातून वॉकीटॉकी काढून घेतली.

"कोई नहीं है साहब," तो म्हणाला. "सब चले गए."